नाताळ २०२६ची वाट पाहताना : ‘डॉक्टर हू’विषयी वारंवार विचारले जाणारे प्रश्न

ठाणे–नवी मुंबईतल्या चाहत्यांसाठी. माहिती जानेवारी २०२६पर्यंतची.

‘डॉक्टर हू’ ही बीबीसीची विज्ञानकथा-मालिका. काळातून फिरणारा तिचा परग्रहवासी नायक, डॉक्टर, मरणाऐवजी नवा चेहरा घेतो, म्हणून कलाकार बदलत राहतात. आमच्या गटात नौपाड्यापासून नेरूळपर्यंतची मंडळी आहेत. कोणी शाळेत असल्यापासून ही मालिका पाहतंय, कोणी गेल्या वर्षी भावाच्या मागे लागून पाहायला सुरुवात केली. ग्रुपवर मात्र सगळे तेच ते प्रश्न विचारतात, म्हणून उत्तरं एकदाच लिहून ठेवतो आहोत. ‘द रिॲलिटी वॉर’ हा २०२५च्या सीझनचा शेवटचा भाग अजून पाहिला नसेल, तर आधी तो पाहून या. त्याचा शेवट खाली उघड केलेला आहे, नंतर भांडायला येऊ नका.

नवे भाग नेमके कधी येणार?

जाहीर झालेला भाग एकच आहे, तो म्हणजे नाताळ २०२६चा विशेष भाग. ऑक्टोबर २०२५मध्ये बीबीसीने तशी घोषणा केली. लेखक रसेल टी. डेव्हिस. बंद पडलेली मालिका २००५ साली पुन्हा उभी करणारे तेच हे डेव्हिस. त्यापुढच्या सीझनची आखणी यथावकाश सांगू, असं बीबीसीने त्याच घोषणेत म्हटलं आहे. तेव्हा ‘मे महिन्यात आठ भाग येतायत’ असा निरोप कुणी पुढे ढकलला, तर त्याला घोषणेची लिंक मागा. पुढे काय होतं ते तुम्हाला माहीत आहे.

मग डिसेंबरमध्ये आलं ते काय होतं?

‘द वॉर बिट्वीन द लँड अँड द सी’ ही पाच भागांची वेगळी मालिका. ब्रिटनमध्ये ती डिसेंबर २०२५मध्ये दाखवली. जग तेच, परग्रहवासीयांशी दोन हात करणारी युनिट ही संस्था तीच, समुद्रातून वर येणारे सी डेव्हिल्सही १९७२पासूनचे जुने ओळखीचे. फक्त डॉक्टर नाही. ती पाहिली नाही तरी नाताळच्या भागासाठी काही अडेल असं वाटत नाही.

डिस्नेने हात का काढून घेतला? मालिका बुडाली का?

मालिका मिळून काढण्याचा बीबीसी आणि डिस्नेचा करार संपला आणि पुढे वाढवला नाही, एवढं अधिकृत आहे. त्या करारातून शूटी गटवा डॉक्टर असलेले दोन सीझन आणि २०२३ व २०२४चे नाताळ भाग आले. ‘द वॉर बिट्वीन’ही त्याच करारातली. पैसा कमी झाल्यावर मालिका बुडेल, ही भीती मात्र मला पटत नाही. साठच्या दशकात पुठ्ठा, थर्माकोल आणि भरपूर आत्मविश्वास एवढ्या भांडवलावर हिने लोकांना सोफ्यामागे लपायला लावलं होतं. टार्डिसचा, म्हणजे डॉक्टरच्या कालयानाचा, तो घरघराट आठवा. बीबीसीचे ध्वनिकार ब्रायन हॉजसन यांनी जुन्या पियानोच्या तारेवर घराची किल्ली घासून तो काढला. मोठ्या बजेटने गेल्या दोन सीझनला देखणं केलं. पण त्यातले जे भाग लक्षात राहिले, ते खर्चामुळे राहिले असं मी तरी म्हणणार नाही.

भारतात कुठे पाहायला मिळेल?

गटवाचे सीझन आपल्याकडे हॉटस्टारवर आले ते डिस्नेच्या करारामुळे. तो करार आता नाही, त्यामुळे नाताळचा भागही तिथेच आपोआप येईल असं धरून वर्षाची वर्गणी भरून बसू नका. भारतातले हक्क कोणाकडे गेले ते जाहीर झालं की मगच पाकीट उघडा.

व्हीपीएन लावून बीबीसी आयप्लेअर पाहिलं तर?

आयप्लेअर फक्त ब्रिटनमध्ये राहणाऱ्यांसाठी आहे, आणि तिथल्या लोकांनाही त्यासाठी टीव्ही लायसन्स फी भरावी लागते. बाकी तुमचं तुम्ही ठरवा. ग्रुपवर याची युक्ती विचारू नका, कोणी सांगणार नाही.

आपल्या घड्याळात किती वाजता?

वेळ जाहीर व्हायची आहे, पण हिशेब आत्ताच समजून घ्या. हिवाळ्यात ब्रिटन आपल्या साडेपाच तास मागे असतं, उन्हाळ्यात साडेचार. ऑक्टोबरच्या शेवटच्या रविवारी ते आपली घड्याळं एक तास मागे घेतात. हे विसरून दरवर्षी कोणीतरी तासभर आधी लॅपटॉप उघडून बसतं.

२०२४चा सीझन ब्रिटनच्या मध्यरात्री येत असे, म्हणजे आपल्याकडे शनिवारी पहाटे साडेचारला. ऐरोलीच्या आयटी पार्कमधून नाईट शिफ्ट संपवून निघालेले लोक तो सगळ्यात आधी पाहायचे आणि उरलेल्यांची सकाळ खराब करायचे. २०२५मध्ये तो तिथे सकाळी आठला, आपल्याकडे दुपारी साडेबाराला येऊ लागला, आणि शनिवारचं जेवण लांबायला लागलं. नाताळचा भाग मात्र तिथे संध्याकाळी, घरोघरी जेवणं आटोपून लोक टीव्हीसमोर बसले की लागतो. २०२३चा तिथे ५ वाजून ५५ मिनिटांनी लागला, २०२४चा ५ वाजून १० मिनिटांनी. आपल्या वेळेने रात्रीचे ११.२५ आणि १०.४०.

यंदाही साधारण तशीच वेळ असली, तर भाग संपेपर्यंत मध्यरात्र होईल. ठाण्यात जमलं तर वाशी–नेरूळच्या लोकांची ट्रान्स-हार्बर चुकणार, नेरूळला जमलं तर घोडबंदरवाल्यांनी घरी जायचं कसं हा प्रश्न. त्यामुळे २५ डिसेंबरला, शुक्रवारी रात्री, ज्याने त्याने आपापल्या घरी थांबायचं. २६ला शनिवार आहे. एकत्र पाहायचं ते सकाळी दहाला, तोपर्यंत तो भारतात रीतसर उपलब्ध झालेला असेल हे गृहीत धरून.

बिली पायपर आता डॉक्टर आहे का?

३१ मे २०२५पासून सगळ्यात जास्त विचारला गेलेला प्रश्न हाच. ‘द रिॲलिटी वॉर’च्या शेवटी गटवाचा डॉक्टर प्रकाशाच्या झोतात विरतो आणि तिथे बिली पायपर उभी राहते. ती हसते, ‘ओह, हॅलो’ म्हणते आणि भाग संपतो. श्रेयनामावलीत तिचं नाव येतं, पण एरवी नव्या कलाकाराच्या नावापुढे ‘डॉक्टरच्या भूमिकेत’ असं असतं, ते इथे लिहिलेलं नाही. हा चुकून राहिलेला शब्द नव्हे. डेव्हिस असल्या जागा मुद्दाम मोकळ्या ठेवतात.

पायपर या मालिकेला नवी नाही. २००५मध्ये डॉक्टरची सोबती रोझ टायलर म्हणून तिनेच नव्या प्रेक्षकांना टार्डिसच्या दारातून आत नेलं. २०१३च्या ‘द डे ऑफ द डॉक्टर’मध्ये ती परत आली तेव्हा चेहरा रोझचा होता, पण भूमिका होती एका विचार करणाऱ्या शस्त्राची, ‘द मोमेंट’ची. म्हणजे पायपर दिसली म्हणून ती रोझच असेल असं नाही, हे मालिकेने आधीच एकदा दाखवून दिलं आहे. ओळखीचा चेहरा डॉक्टरला मिळणं हेही नवीन नाही. पीटर कपाल्डी डॉक्टर होण्याआधी २००८च्या ‘द फायर्स ऑफ पॉम्पेई’मध्ये एक रोमन गृहस्थ होता. कॉलिन बेकर १९८३मध्ये डॉक्टरच्या मूळ ग्रहाचा, गॅलिफ्रेचा, पहारेकरी होता आणि त्याने चक्क डॉक्टरवर गोळी झाडली होती. डेव्हिड टेनंट तर स्वतःचाच चेहरा घेऊन २०२२मध्ये परतला.

माझा अंदाज विचाराल तर, नाताळच्या भागाच्या पहिल्या दहा मिनिटांत याचा उलगडा होईल आणि तो आपल्यापैकी कोणीच वर्तवलेला नसेल. ग्रुपवर सिद्धांत जरूर मांडा. फक्त एका निरोपात एकच, आणि व्हॉइस नोट नको.

नाताळच्या भागात एवढं विशेष काय असतं?

पहिला नाताळ भाग १९६५चा. त्या वर्षी २५ डिसेंबर शनिवारी आला आणि शनिवार हा मालिकेचा वार. तेव्हा डालेक्स या शत्रूंची बारा भागांची लांबलचक, बरीच भयानक कथा चालू होती. ऐन नाताळात मुलांना रडवायचं नाही म्हणून मधला सातवा भाग निव्वळ गमतीचा केला. त्याच्या शेवटी पहिला डॉक्टर विल्यम हार्टनेल पेला उंचावून थेट कॅमेऱ्याकडे वळला आणि घरी बसलेल्या प्रेक्षकांना त्याने नाताळच्या शुभेच्छा दिल्या. तो भाग आज अस्तित्वात नाही. त्याचा फक्त आवाज उरला आहे.

त्यानंतर चाळीस वर्षं असं काही झालं नाही. २००५मध्ये ‘द ख्रिसमस इन्व्हेजन’ आला आणि २०१७पर्यंत दर नाताळला एक भाग हा पायंडाच पडला. नवा डॉक्टर टेनंट पहिल्याच पूर्ण भागात बहुतेक वेळ रात्रीच्या कपड्यांत झोपून असतो, आणि तो उठेपर्यंत लोक त्याची वाट पाहतात. नायकाची ओळख करून द्यायची ही तऱ्हा मला आजही आवडते. २००७च्या ‘व्हॉयेज ऑफ द डॅम्ड’ने ब्रिटनमध्ये १ कोटी ३३ लाख प्रेक्षक मिळवले. नव्या काळातला तो उच्चांक. पुढे जोडी व्हिटेकर डॉक्टर होती त्या काळात हा मान नववर्षदिनाकडे गेला, आणि २०२३मध्ये ‘द चर्च ऑन रुबी रोड’ने तो नाताळला परत मिळवून दिला.

या भागांची घडण वेगळी असते. घरातले तिघे ही मालिका कधीच पाहत नाहीत, एक जण जेवून पेंगतोय, लहान मूल नव्या खेळण्यात गुंतलंय, आणि तरी सगळे तासभर बसले पाहिजेत, असं धरून ते लिहिलेले असतात. मागचे संदर्भ कमी, गोष्ट सरळ, थोडं बर्फ, थोडं रडू. काही चाहत्यांना हे हलकंफुलकं वाटतं. मला विचाराल तर मालिकेतलं सगळ्यात अवघड लेखन हेच. त्यात या भागांवर आणखी एक जबाबदारी अधूनमधून येऊन पडते : मॅट स्मिथच्या डॉक्टरने २०१३च्या नाताळला निरोप घेतला, कपाल्डीच्या २०१७च्या. पुरणपोळी वाढता वाढता घरच्यांनी तुम्हाला रडताना पाहावं, असे प्रसंग.

यंदाच्या भागावर ओझं दुप्पट आहे. त्याला नाताळही सांभाळायचा आहे आणि पायपरचं कोडंही.

दीड वर्षाहून जास्त खंड! असं आधी झालं होतं का?

झालं होतं, आणि याहून वाईट. १९८५च्या सुरुवातीला बीबीसीने मालिका थांबवली, ती १९८६च्या सप्टेंबरमध्ये परतली. यंदाचा खंड मे २०२५ ते डिसेंबर २०२६, म्हणजे साधारण तेवढाच. डिसेंबर १९८९मध्ये ती पुन्हा थांबली, आणि या वेळी कोणी काही जाहीरही केलं नाही, पुढचा सीझन नुसता आलाच नाही. १९९६चा पॉल मॅकगॅनचा टीव्ही चित्रपट सोडला तर २६ मार्च २००५पर्यंत पडद्यावर सामसूम. त्या पंधरा वर्षांत चाहत्यांनी कादंबऱ्या लिहिल्या, श्राव्य नाटकं काढली, नियतकालिक चालू ठेवलं. पुढे मालिका परत आणणारे बरेच जण त्याच पिढीतले. डेव्हिस आणि त्यांच्यानंतर मालिका सांभाळणारे स्टीव्हन मॉफॅट, दोघेही.

वाट पाहण्याची खरी परीक्षा मात्र हरवलेल्या भागांनी घेतली. साठच्या आणि सत्तरच्या दशकांत बीबीसीने जुन्या टेप पुसून पुन्हा वापरल्या, फिल्मच्या प्रती नष्ट केल्या. हार्टनेल आणि दुसरा डॉक्टर पॅट्रिक ट्राउटन यांच्या काळातले कितीतरी भाग असे गेले. आवाज मात्र सगळ्यांचे शिल्लक आहेत, कारण काही मुलांनी तेव्हा घरच्या टीव्हीसमोर टेपरेकॉर्डर धरून ते टिपून ठेवले होते. चित्रं कुठे कुठे सापडली पाहा : ‘द टूम ऑफ द सायबरमेन’ १९९१च्या सुमारास हाँगकाँगमध्ये मिळाला. ‘द एनिमी ऑफ द वर्ल्ड’ १९६७–६८मध्ये एकदा दाखवून बहुतेक सगळा गायब झाला होता, तो नायजेरियातल्या जोस शहरात सापडला आणि २०१३मध्ये लोकांनी पुन्हा पाहिला. पंचेचाळीस वर्षांनी. त्याच गठ्ठ्यात ‘द वेब ऑफ फिअर’ही होता, पण त्याचा तिसरा भाग नव्हता. तो अजून नाही.

तेव्हा डिसेंबरपर्यंत कळ काढा.

मी यातलं काहीच पाहिलेलं नाही. साठ वर्षांचं सगळं पाहावं लागेल?

अजिबात नाही. २००५चा ‘रोझ’ लावा. रोझबरोबर तुम्हालाही सगळं समजत जातं, आणि पायपर कोण हेही कळतं. घाई असेल तर २००७चा ‘ब्लिंक’ पाहा. त्यात डॉक्टर जेमतेम दिसतो, तरी मालिका कशी असते ते पुरतं कळतं. नाताळचा नमुना म्हणून २०१०चा ‘अ ख्रिसमस कॅरल’. १९६३पासून क्रमाने पाहायला बसू नका. तसं करणारे फेब्रुवारीत गायब होतात.

सीझन १ तीन वेळा का दिसतो?

१९६३, २००५ आणि २०२४, तिन्हीकडे मोजणी नव्याने सुरू केली आहे. वर्ष पाहा, आकडा सोडून द्या.

घरच्यांना बरोबर बसवायचं आहे. मुलं घाबरतील का?

ही मुळात घरच्या सगळ्यांनी मिळून पाहायची मालिका आहे, शिव्या आणि रक्त जवळपास नाही. पण दगडी देवदूत डोळ्याची पापणी लवली की पुढे सरकतात, हे पाहून सात–आठ वर्षांचं मूल रात्री आजीच्या कुशीत शिरणारच. ‘ब्लिंक’ दिवसा दाखवा. आणि आई-बाबांना समोर बसवलंत तर दर दोन मिनिटांनी थांबवून ‘हा आधी कोण होता’ हे समजावू नका. त्यांना विचारायचं असेल तेव्हा ते विचारतील.

या मालिकेचा भारताशी काही संबंध आहे का?

पहिल्याच भागापासून आहे. २३ नोव्हेंबर १९६३ला लागलेली पहिली कथा वारिस हुसेन यांनी दिग्दर्शित केली. जन्म लखनौचा, लहानपणीच ब्रिटनला गेलेले, आणि तेव्हा वय अवघं चोवीस. निर्मात्या व्हेरिटी लँबर्ट, त्याही विशीतल्या. बीबीसीतल्या वडीलधाऱ्यांचा दोघांवरही फारसा भरवसा नव्हता. त्यातच आदल्या दिवशी केनेडींची हत्या झाली, सगळं जग बातम्यांना चिकटलं, आणि पुढच्या शनिवारी दुसऱ्या भागाआधी पहिला भाग पुन्हा दाखवावा लागला.

आणि २०१८चा ‘डेमन्स ऑफ द पंजाब’. लेखक विनय पटेल. डॉक्टरची सोबती यास्मिन आपल्या आजीच्या तरुणपणात, ऑगस्ट १९४७मध्ये जाऊन पोहोचते. आजी मुसलमान, होणारा नवरा हिंदू, आणि फाळणीची रेघ शेतातून जाणार. परग्रहवासी आहेत, पण खलनायक ते नाहीत. शेवटचं संगीतही सेगुन अकिनोला यांनी त्या मातीतलं केलं आहे. चित्रीकरण स्पेनमध्ये झालं हे कळल्यावर थोडं हिरमुसायला होतं, तरी आमच्या गटात नव्या माणसाला सगळ्यात जास्त वेळा हाच भाग दाखवला गेला आहे. ज्यांच्या घरी सिंधमधून उल्हासनगरला आल्याच्या गोष्टी सांगितल्या जातात, त्यांच्याबरोबर पाहा.

स्पॉइलरबद्दल नियम काय?

२५च्या रात्रीपासून २७च्या रात्रीपर्यंत ग्रुपवर भागाविषयी एक अक्षर नाही. ‘बापरे’सुद्धा नाही. रडणारा चेहरा नाही. स्टेटसला फोटो नाही. बोलल्याशिवाय राहवत नसेल, तर ज्याने पाहिलंय त्याला फोन करा. एखाद्याने नियम मोडला तर पुढच्या भेटीचा चहा त्याच्याकडून, सगळ्यांचा.

भेटायचं कुठे? हॉल घेऊन तिकीट लावू या का?

हॉल नको. घरी पाहण्यासाठी भरलेल्या वर्गणीत जाहीर खेळ बसत नाही, आणि तिकीट लावलं तर सरळ सरळ हक्कांचं उल्लंघन. आपण कोणाच्या तरी दिवाणखान्यात बसतो, तेच बरं. २६च्या सकाळसाठी ठाणे स्टेशनपासून चालत पोहोचता येईल असं घर पाहतो आहोत, म्हणजे पनवेल–वाशीकडून येणाऱ्यांना रिक्षाची रांग नको. आदल्या रात्री घरी एकटं वाटलं तर तलावपाळीजवळच्या सेंट जॉन द बाप्टिस्ट चर्चकडे चक्कर मारा, रोषणाई पाहा, आणि वेळेत टीव्हीसमोर या.

वेशभूषा करायची का?

जरूर. चौथा डॉक्टर टॉम बेकरच्या मफलरचा धडा मात्र लक्षात घ्या. बेगोनिया पोप नावाच्या बाईंना विणण्यासाठी लोकर दिली, किती विणायचं ते नीट ठरलं नव्हतं, म्हणून त्यांनी होती तेवढी सगळी विणून टाकली. तसा मफलर आपल्याकडच्या डिसेंबरात, सकाळी दहाला, पंचवीस माणसांच्या खोलीत गळ्यात घालायचा असेल तर पंख्याखालची जागा आधी धरा. विणून देणारी आजी घरात असेल तर गणपतीआधीच तिच्या कानावर घाला.

२६ला सुट्टी नसेल तर?

२७ला, रविवारी दुपारी, दुसरी बैठक वाशीला. जेवून यायचं. ग्रुपवर आधी कळवायचं, कारण खुर्च्या शेजारून आणाव्या लागतात.